रक्ताच्या गुठळीवर ॲपिक्साबॅन: एका रुग्णाने केलेले परीक्षण

रक्ताच्या गुठळीवरचे औषध चांगले की वाईट हे ठरवताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की या औषधाने गुठळी पुन्हा होण्याचे थांबते का. माझ्या मते हा प्रश्न आता दुय्यम झाला आहे, कारण या वर्गातली जवळजवळ सगळीच प्रचलित औषधे योग्य मात्रेत घेतली तर ते काम चोख करतात. फरक पडतो तो औषधामुळे रक्तस्राव कुठे आणि किती होतो आणि रोजच्या जगण्यातल्या चुकांना ते औषध किती सांभाळून घेते, यात. ॲपिक्साबॅन या गोळीचे हे परीक्षण मी याच कसोटीवर केले आहे. पायाच्या खोल शिरेतली गुठळी फुफ्फुसापर्यंत गेली तेव्हा, पहिल्या खेपेस, मी हेपारिन वर्गातली इंजेक्शने आणि त्यानंतर वॉर्फरिन घेतले. औषध थांबवल्यावर काही काळाने दुसरी गुठळी झाली आणि तेव्हापासून मी ॲपिक्साबॅनवर आहे. मी डॉक्टर नाही. परंतु जे औषध बहुधा जन्मभर घ्यायचे आहे, त्यावरचे संशोधन नीट वाचून समजून घ्यायचे असे ठरवले आणि तेव्हापासून ते वाचन थांबलेले नाही. येथे लिहिलेले वाचून कोणीही आपल्या गोळ्या स्वतःहून बदलू नयेत किंवा बंद करू नयेत, हे आरंभीच सांगणे आवश्यक वाटते.

ही गोळी नेमके काय करते हे समजल्याशिवाय तिचे गुणदोष कळत नाहीत. शिरेतला रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने आजही शिकवली जातात. यांपैकी कोणत्याही कारणाने सुरुवात झाली, तरी पुढचा मार्ग एकच असतो. रक्तातले गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात, दहावा घटक जागा झाला की थ्रॉम्बिन तयार होते, आणि थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनचे धागे विणले जाऊन त्यांत रक्तपेशी अडकतात. ॲपिक्साबॅन जाग्या झालेल्या दहाव्या घटकाला थेट चिकटून त्याचे काम थांबवते. आधीच झालेली गुठळी मात्र ते विरघळवत नाही. तिची वाढ थांबते, नवी गुठळी होत नाही, आणि तेवढ्या अवधीत शरीरातले प्लाझ्मिन हे गुठळी विरघळवणारे द्रव्य जुनी गुठळी हळूहळू पोखरत नेते. ही गोष्ट मला पहिल्या आजारपणात कोणी सांगितली नव्हती, आणि औषध सुरू असूनही पायाची सूज उतरत का नाही, या काळजीत मी बरेच दिवस घालवले.

गुठळीची केवळ वाढ थांबवून जीव वाचतो का, ही शंका एकेकाळी वैद्यकालाही होती. १९६० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बॅरिट आणि जॉर्डन यांनी फुफ्फुसात गुठळी अडकलेल्या थोड्या रुग्णांवर चाचणी घेतली. ज्या १९ जणांना गोठणविरोधी औषध दिले नव्हते त्यांच्यापैकी ५ जण फुफ्फुसातल्या गुठळीने दगावले आणि आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली. ज्या १६ जणांना औषध मिळाले त्यांच्यापैकी एकही जण गुठळीने दगावला नाही. आजच्या निकषांनी ही चाचणी फार लहान म्हणावी लागेल, परंतु औषध न देता तुलना करण्याचे धाडस त्यानंतर सहसा कोणी केले नाही, यातच तिचे वजन कळते.

त्या चाचणीत सुरुवातीला वापरलेले हेपारिन १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून पुढे आले, आणि शुद्ध स्वरूपात रुग्णांपर्यंत पोहोचायला १९३० चे दशक उजाडले. आजही ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. मला दिले गेले ते त्याचेच हलक्या वजनाचे रूप, एनॉक्सापॅरिन. पोटावरची कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालायची, भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा नाही, सुई बाहेर आल्यावर जागा चोळायची नाही आणि रोज बाजू बदलायची, हे शिकायला वेळ लागत नाही. पण पोटावर उमटणारे निळे-जांभळे डाग पाहण्याची सवय व्हायला वेळ लागतो. हे इंजेक्शन गुणकारी आहे, गरोदरपणात तर आजही हेच वापरतात, कारण ते नाळेतून बाळापर्यंत पोहोचत नाही. तरीही महिनोन्‌महिने रोज सुई टोचून घेणे हा अनेकांच्या आवाक्यातला उपचार नाही.

वॉर्फरिनबद्दल अधिक विस्ताराने लिहायला हवे, कारण ॲपिक्साबॅनचे मोल त्याच्याशी तुलना केल्यावरच ध्यानात येते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत गुरे किरकोळ जखमांनी रक्तस्राव होऊन मरू लागली. कुजलेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत हे त्याचे कारण असल्याचे पशुवैद्यांनी दाखवले. १९३३ च्या हिवाळ्यात एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनमधला शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, ते गवत आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन मॅडिसन येथील विद्यापीठात पोहोचला, आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या रक्ताचे कोडे उलगडायला सुरुवात झाली. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, गवतातले डायकुमॅरॉल वेगळे काढण्यात आले. त्याच कुळातले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिले गेले. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ तोंडाने घ्यायचे गोठणविरोधी औषध म्हणजे वॉर्फरिन किंवा त्याच्या कुळातले एखादे, असेच समीकरण होते.

वॉर्फरिन गोठवणाऱ्या घटकांवर थेट हल्ला करत नाही. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक पूर्णत्वाला नेण्यासाठी यकृताला के जीवनसत्त्व लागते, आणि वापरले गेलेले हे जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावणारी यंत्रणा वॉर्फरिन अडवते. म्हणून त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोपर्यंत इंजेक्शन चालू ठेवावे लागते, आणि परिणाम किती झाला हे आयएनआर ही रक्ततपासणी करून पाहावे लागते. साधारणपणे हा आकडा २ ते ३ यांच्या दरम्यान राहायला हवा. माझा आकडा एखाद्या अँटिबायोटिकच्या कोर्सने वर जाई, जेवणातली पालेभाजी वाढली की खाली येई, आणि प्रत्येक वेळी गोळीचे मिलिग्रॅम बदलत. पालेभाज्या सोडायच्या नसतात, त्यांचे प्रमाण सारखे ठेवायचे असते, हा सल्ला वाचायला सोपा आणि पाळायला कठीण आहे. माझी तक्रार औषधाच्या गुणाबद्दल नाही. माझी तक्रार अशी आहे, की या औषधाचा डोस कालच्या जेवणावर आणि शेजारच्या गोळीवर अवलंबून असतो, आणि तो सावरण्याचे ओझे रुग्णावर पडते.

ॲपिक्साबॅन सुरू झाल्यावर हे ओझे एकदम उतरले. गुठळीच्या उपचारात पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, त्यानंतर ५ मिलिग्रॅम दोनदा, इतका त्याचा सरळ हिशेब आहे. गोळी लहान असते, जेवणाआधी किंवा नंतर कधीही घेता येते, गिळता येत नसेल तर कुटून पाण्यातून देता येते, आणि तीन-चार तासांत पूर्ण परिणाम दिसत असल्यामुळे बहुतेक रुग्णांना सुरुवातीची इंजेक्शने लागत नाहीत. घरच्या घरी चुकण्याची एक मोठी जागा मात्र येथे आहे. सात दिवस झाल्यावर डोस निम्मा करायचा असतो, आणि एकाच रंगरूपाच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांऐवजी एक घ्यायची हे विसरणारे आणि उलट पहिल्याच दिवसापासून एकेकच घेणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात. सुरुवातीच्या दिवसांसाठी वेगळे आखलेले पाकीट काही ठिकाणी मिळते. ते मिळत नसेल, तर औषधाच्या पट्टीवर तारखा लिहून ठेवाव्यात.

आता आकड्यांकडे वळू. शिरेतल्या गुठळीसाठी या गोळीची मुख्य चाचणी ॲम्प्लिफाय या नावाने २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५,३९५ रुग्ण होते आणि तुलना एनॉक्सापॅरिन-वॉर्फरिन या प्रस्थापित उपचाराशी होती. सहा महिन्यांत गुठळी परत होण्याचे किंवा तिच्यामुळे मृत्यू येण्याचे प्रमाण ॲपिक्साबॅनच्या गटात २.३ टक्के आणि दुसऱ्या गटात २.७ टक्के होते. म्हणजे गुठळी रोखण्यात दोघे तोडीस तोड ठरले. गंभीर रक्तस्राव मात्र ०.६ टक्के विरुद्ध १.८ टक्के इतका कमी झाला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका असलेल्या १८,२०१ रुग्णांवरच्या ॲरिस्टॉटल चाचणीतही २०११ मध्ये हेच चित्र दिसले होते. त्या चाचणीतला जो आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कवटीच्या आतल्या रक्तस्रावाचा आहे: वॉर्फरिनवर वर्षाला ०.८० टक्के आणि ॲपिक्साबॅनवर ०.३३ टक्के. नाकातून आलेले रक्त थांबवता येते, पोटातल्या रक्तस्रावावर बहुधा उपचार करता येतात. मेंदूतल्या रक्तस्रावाने मात्र माणूस जातो किंवा जन्माचा परावलंबी होतो. कुठे रक्तस्राव होतो हा निकष मी आरंभी मांडला तो याचसाठी, आणि त्या निकषावर ही गोळी वॉर्फरिनच्या स्पष्टपणे पुढे आहे.

तिच्या बरोबरीने बाजारात आलेल्या औषधांशी तुलना करताना मला इतके निःशंक होता येत नाही, तरी कल तिच्याच बाजूने आहे. रिव्हारॉक्साबॅन हे औषध सुरुवातीचे २१ दिवस दोनदा आणि नंतर दिवसातून एकदाच घ्यायचे असते, ही फार मोठी सोय आहे. परंतु त्याच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात, नाहीतर औषध पुरेसे शोषले जात नाही. या दोन गोळ्यांना समोरासमोर ठेवणाऱ्या कोब्रा या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले, आणि पहिल्या तीन महिन्यांत दखल घेण्याजोगा रक्तस्राव ॲपिक्साबॅनवर निम्म्याहून कमी आढळला. डॅबिगाट्रान थ्रॉम्बिनलाच अडवते, पण गुठळीसाठी आधी काही दिवस इंजेक्शन घ्यावे लागते, त्याचा बहुतांश निचरा मूत्रपिंडातून होतो आणि त्याची कॅप्सूल उघडून घेतली तर शरीरात जाणारे प्रमाण धोकादायकपणे वाढते. एडॉक्साबॅनलाही आधी इंजेक्शन लागतेच. ॲपिक्साबॅनचा मूत्रपिंडावरचा भार या सर्वांत कमी, सुमारे २७ टक्के आहे, आणि वय वाढत जाईल तसे या आकड्याचे महत्त्व वाढत जाते.

आता दोषांकडे येते. वॉर्फरिन पालेभाजीची चूक माफ करत नाही, पण एखादी गोळी चुकली तर फारसे बिघडत नाही, कारण त्याचा प्रभाव अनेक दिवस रेंगाळतो. ॲपिक्साबॅनचे नेमके उलट आहे. साधारण बारा तासांत रक्तातले औषध निम्मे होते, त्यामुळे दोन-तीन गोळ्या लागोपाठ चुकल्या तर माणूस जवळजवळ विनासंरक्षण असतो. एखादी गोळी विसरली तर आठवताक्षणी त्याच दिवशी घ्यावी, पण भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नये, असा नियम आहे. तपासणी नको हा या औषधाचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. आयएनआरसाठी जाणाऱ्या रुग्णाला महिन्यातून एकदा तरी कोणी विचारत असे, की गोळ्या घेता ना, शौचाला काळी होत नाही ना, नवे औषध सुरू केले का. आता हे प्रश्न कोणीच विचारत नाही. वर्षातून किमान एकदा मूत्रपिंड, यकृत आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी व्हावी अशी अपेक्षा असते, परंतु प्रत्यक्षात तीही राहून जाते. माझे औषध ज्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर चालू होते, तेथे जुनीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहून दिली जात होती आणि मी स्वतः विचारेपर्यंत एकदाही रक्त तपासले गेले नव्हते.

डोसच्या बाबतीत आणखी एक घोटाळा वारंवार होतो, आणि तो रुग्णांनीही जाणून घ्यावा असा आहे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या रुग्णांत वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तर ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम देतात. हा नियम शिरेतल्या गुठळीच्या उपचाराला लागू नाही. तरीही वृद्ध माणूस दिसला की सावधगिरी म्हणून ताज्या गुठळीवरही अर्धा डोस लिहिला जाऊ शकतो, आणि अशाने रक्तस्राव टळेलच असे नाही, गुठळी मात्र वाढू शकते.

अन्य औषधांशी होणाऱ्या प्रक्रिया वॉर्फरिनच्या मानाने थोड्या असल्या, तरी ज्या आहेत त्या गंभीर आहेत. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामेझेपिन ही औषधे ॲपिक्साबॅनचे रक्तातले प्रमाण खाली आणतात. बुरशीवरचे केटोकोनॅझोल आणि एचआयव्हीवरचे रिटोनाविर ते वर नेतात. सांधेदुखीसाठी सहज घेतली जाणारी वेदनाशामके त्याचे प्रमाण बदलत नाहीत, पण पोटातला रक्तस्राव वाढवतात. रक्तस्राव झालाच तर काय, या प्रश्नाचे उत्तरही पूर्ण समाधानकारक नाही. वॉर्फरिनला के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, डॅबिगाट्रानला २०१५ पासून इडारुसिझुमॅब आहे. दहाव्या घटकावरच्या औषधांसाठी अँडेक्सानेट अल्फा २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, परंतु ते सर्वत्र कधीच मिळत नव्हते, त्याच्या वापराने गुठळ्या होण्याची चिंताही होती, आणि २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतली त्याची विक्री थांबवण्यात आली. म्हणून बहुतेक रुग्णालये गोठवणाऱ्या घटकांचे संहत मिश्रण देऊन वेळ निभावतात. त्यातल्या त्यात दिलासा असा, की औषधाचा प्रभाव लवकर उतरत असल्यामुळे शस्त्रक्रियेआधी एक-दोन दिवस गोळी थांबवली तरी सहसा पुरते.

ही गोळी कोणी घेऊ नये, हे संशोधनाने स्पष्ट केले आहे. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांसाठी वॉर्फरिनच हवे: आधी डॅबिगाट्रानची आणि पुढे ॲपिक्साबॅनची चाचणी अशा रुग्णांवर घेतली गेली, आणि दोन्ही वेळा नव्या औषधाच्या गटात त्रास अधिक दिसल्याने चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या रुग्णांवरच्या इन्व्हिक्टस चाचणीत, २०२२ मध्ये, रिव्हारॉक्साबॅनपेक्षा वॉर्फरिन वर्गातले औषध सरस ठरले आणि त्यावर मृत्यूही कमी झाले. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या, म्हणजे शरीरातल्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याच्या विकाराच्या, तिन्ही तपासण्या सकारात्मक असलेल्या रुग्णांतही तसेच घडले. ट्रॅप्स चाचणीत रिव्हारॉक्साबॅनवरील १२ टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, वॉर्फरिनवरील एकालाही आला नाही. वॉर्फरिनला जुनाट म्हणून निकालात काढणाऱ्यांनी या तीन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवाव्यात.

आता त्या प्रश्नाकडे येते, ज्याचे उत्तर ॲपिक्साबॅन देऊच शकत नाही. गुठळीने रक्ताभिसरणाचे जे नुकसान केले, त्याचे काय? खोल शिरेत गुठळी राहून गेली की तिच्या आसपासच्या, शिरेतल्या झडपा निकामी होतात, रक्त पायातून वर चढायला कष्ट पडतात आणि संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते, काहींना जखमाही होतात. योग्य औषध घेऊनही मोठ्या संख्येने रुग्णांना हा त्रास राहतो, आणि मी त्यांपैकी एक आहे. मग गुठळी औषधाने विरघळवूनच का टाकू नये, हा अगदी स्वाभाविक विचार आहे. १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांनी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमध्ये ती किमया पाहिली होती, आणि हृदयविकाराच्या झटक्यात त्या जिवाणूंपासून मिळणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने लाभ होतो हे १९८६ आणि १९८८ मध्ये हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांनी सिद्ध केले. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध वेळेत दिले तर माणूस पुन्हा चालू-बोलू शकतो. शिरेच्या बाबतीत मात्र निराशा झाली. ॲट्रॅक्ट या २०१७ मधील चाचणीत ६९२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या शिरेत नळी घालून गुठळी विरघळवली, तरी पायाचा दीर्घकालीन त्रास ४७ टक्के रुग्णांना झाला. केवळ गोळ्या घेणाऱ्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होते. रक्तस्राव तेवढा वाढला. घट्ट मोज्यांनी हा त्रास टळतो ही समजूतही २०१४ च्या सॉक्स चाचणीत टिकली नाही, मात्र सूज असताना मोज्यांनी आराम मिळतो हा माझा आणि अनेकांचा अनुभव आहे.

फुफ्फुसाच्या बाबतीतही तोल असाच नाजूक आहे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध देण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. परंतु रक्तदाब ठीक आणि हृदयाच्या उजव्या भागावर ताण, अशा मधल्या गटातील १,००५ रुग्णांवर पैथो ही चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोलमडणे ५.६ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले, पण पक्षाघात ०.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर गेला. म्हणून अशा रुग्णाला आधी गोठणविरोधी औषध देऊन बारीक लक्ष ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. काही थोड्या रुग्णांत गुठळ्या विरघळतच नाहीत, त्यांचे चिवट पडदे बनून फुफ्फुसाच्या धमन्यांत कायमचे बसतात आणि तेथला दाब वाढत जातो. तीन महिने नीट औषध घेऊनही जिना चढताना धाप लागत असेल, तर या विकाराची तपासणी आवर्जून मागावी, कारण शस्त्रक्रियेने हे पडदे सोलून काढता येतात, फुग्याने धमन्या रुंद करता येतात, आणि शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांसाठी २०१३ पासून रिओसिग्वाट हे औषध उपलब्ध आहे. माझ्या बाबतीत ही शंका इकोकार्डिओग्राम आणि फुफ्फुसाच्या स्कॅनने दूर झाली, आणि तोपर्यंतचा काळ मनाला फार जड गेला.

औषध किती काळ घ्यायचे, या प्रश्नावर ॲपिक्साबॅनने सर्वांत मोठा फरक घडवला आहे. शस्त्रक्रिया किंवा प्लास्टरसारखे उघड कारण नसताना झालेल्या गुठळीनंतर औषध थांबवले, तर पहिल्या वर्षात सुमारे १० टक्के आणि दहा वर्षांत सुमारे ३६ टक्के लोकांना ती पुन्हा होते. माझे पहिले औषध थांबवताना मला हे आकडे ठाऊक असते, तर मी निदान अधिक प्रश्न विचारले असते. सहा महिन्यांनंतर ॲपिक्साबॅन चालू ठेवायचे का, हे पाहणाऱ्या चाचणीत एका वर्षात गुठळी परत होण्याचे किंवा तिने मृत्यू येण्याचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ८.८ टक्के होते. ५ आणि २.५ मिलिग्रॅम या दोन्ही गटांत ते १.७ टक्के होते, आणि गंभीर रक्तस्राव वाढला नाही. अर्ध्या डोसवर पूर्ण संरक्षण, हा निष्कर्ष वॉर्फरिनच्या काळात कोणी गृहीत धरला नसता. २०२५ मध्ये कर्करोगाच्या १,७६६ रुग्णांवर झालेल्या एपीआय-कॅट चाचणीतही सहा महिन्यांच्या उपचारानंतर अर्धा डोस गुठळी रोखण्यात कमी पडला नाही आणि रक्तस्राव १५.६ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर आला. मी स्वतः आता २.५ मिलिग्रॅमवर आहे. दात घासताना हिरड्यांतून येणारे रक्त कमी झाले, लहानसहान टक्कर लागून उमटणारे डाग कमी झाले, आणि गुठळीची भीती असूनही मनावरचा ताण हलका झाला.

रक्तस्राव मुळीच वाढू नये, यासाठीचे संशोधन सध्या अकराव्या घटकाभोवती चालले आहे. जन्मतः हा घटक कमी असलेल्या माणसांना आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो आणि शिरांत गुठळ्याही कमी होतात, या निरीक्षणावर ते उभे आहे. या घटकाला अडवणाऱ्या ॲसंडेक्सियान या गोळीची ॲपिक्साबॅनशी तुलना करणारी, अनियमित ठोक्यांच्या १४,८१० रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये थांबवावी लागली, कारण रक्तस्राव खरोखरच कमी झाला तरी पक्षाघात आणि अन्यत्र गुठळ्या अडकणे १.३ टक्के विरुद्ध ०.४ टक्के, म्हणजे तिपटीहून अधिक झाले. पक्षाघात होऊन गेलेल्यांना ॲस्पिरिनसारख्या औषधासोबत हीच गोळी देणाऱ्या वेगळ्या चाचणीचे निष्कर्ष मात्र अनुकूल असल्याचे २०२५ च्या अखेरीस जाहीर झाले. म्हणून तिला सरसकट अपयशी म्हणणे चुकीचे ठरेल. माझ्यासारख्या शिरेच्या गुठळीच्या रुग्णांना अधिक जवळचे वाटावे असे दुसरे औषध म्हणजे ॲबेलासिमॅब. ते महिन्यातून एकदा टोचायचे असते. अनियमित ठोक्यांच्या १,२८७ रुग्णांवरच्या अभ्यासात रिव्हारॉक्साबॅनच्या तुलनेत दखल घेण्याजोगा रक्तस्राव साठ टक्क्यांहून अधिक घटल्यामुळे तो अभ्यास लवकर थांबवला गेला, आणि कर्करोगातल्या गुठळ्यांसाठी त्याची ॲपिक्साबॅनशी थेट तुलना हाती घेण्यात आली. महिन्याला एकच इंजेक्शन असेल तर चुकलेल्या गोळीचा प्रश्न मिटतो. परंतु अपघात झाला किंवा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तर महिनाभर टिकणारा परिणाम मागे कसा घ्यायचा, हे त्या निष्कर्षांत मी सर्वांत आधी शोधेन.